सोलापूरच्या उन्हात पालापाचोळ्यावर जगवलेल्या कुंड्या

पालापाचोळ्याचं खत कसं करावं यावर मराठीत पुष्कळ वाचायला मिळतं. त्यातलं बरंचसं पुण्याच्या किंवा कोकणातल्या माणसांनी लिहिलेलं असतं. पानं ढिगात टाका, अधूनमधून पाणी मारा, चार-पाच महिन्यांत काळंभोर खत तयार. सोलापुरात उन्हाळ्यात हे जमत नाही. आपल्याकडे पान कुजायच्या आधी वाळतं आणि कडक भाकरीसारखं वाजायला लागतं. आणि अधूनमधून मारायला पाणी आणायचं कुठून? २०२४ च्या उन्हाळ्यात नळाला पाणी सुटायचं पाच-सहा दिवसांनी, तेही कधी पहाटे चारला. म्हणून हे सविस्तर लिहितेय. ज्यांच्या दारात कडुनिंब आहे, गच्चीवर कुंड्या आहेत आणि पिंपात मोजकं पाणी आहे, त्यांच्यासाठी.

आमचं रो-हाउस जुळे सोलापुरात. मागे भिंतीलगत काळ्या मातीची एक अरुंद पट्टी, तिथे वांगी, घेवडा, कढीपत्ता. गच्चीवर मोगरा, जास्वंद, तुळस, मिरच्या, काही मातीच्या कुंड्यांत, काही रंगाच्या रिकाम्या डब्यांत. सोसायटीत दोन जुने कडुनिंब, रस्त्याकडेला गुलमोहर, आणि शेजारच्या कुंपणावरून आमच्याकडे वाकलेला जंगली बदाम. २०२३ च्या पावसाळ्यात सोलापूरला पाणी देणारं उजनी धरण पुरतं भरलंच नाही, त्यामुळे २०२४ चा उन्हाळा धरण ‘मायनस’मध्ये, म्हणजे उपयुक्त साठ्याच्याही खाली, असणार हे जानेवारीतच सगळे बोलत होते. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा संपली आणि मी ठरवलं, या वर्षी नवं झाड एकही आणायचं नाही, आहेत ती कमी पाण्यात जगवायची. आणि त्यासाठी विकतचं काही घ्यायच्या आधी जे फुकट पडतंय ते वापरायचं.

काय कधी पडतं हे आधी पाहिलं पाहिजे. कडुनिंबाचा पाला मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, पिंपळाचाही साधारण तेव्हाच. गुलमोहराची बारीक पानं उन्हाळा लागेपर्यंत झडत राहतात, झाडूत सापडत नाहीत आणि सुपलीतही बसत नाहीत, पण कुजायला सगळ्यात झटपट तीच. जंगली बदाम वर्षातून दोनदा लाल होऊन पानं टाकतो. म्हणजे नेमकं उन्हाळ्याच्या तोंडावर झाडं आपल्याला आच्छादनाचा, म्हणजे माती झाकायचा, माल पुरवतात, आणि नेमका तोच आपण गोळा करून कोपऱ्यावर जाळतो.

साठवायला जागा हवी होती. आमच्याकडे पंपाच्या खोलीमागे सामाईक जागेचा एक तुकडा नुसता पडून आहे. १२ फेब्रुवारीला सोसायटीच्या कमिटीला लेखी अर्ज दिला. तोंडी विचारलं असतं तर ‘बघू’ म्हणून सगळे विसरले असते. अर्जात दोन गोष्टी मुद्दाम लिहिल्या. तेव्हा लागू असलेल्या घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ प्रमाणे बागेतला कचरा आपल्याच आवारात वेगळा साठवायची जबाबदारी तो निर्माण करणाऱ्याची आहे, आणि तो रस्त्यावर किंवा उघड्या जागेत टाकायला वा जाळायला मनाई आहे. शिवाय राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये उघड्यावर कचरा जाळण्यासाठी ५,००० रुपये, आणि मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,००० रुपये दंड ठरवून दिला आहे. दंडाचा आकडा वाचल्यावर अर्ज नीट वाचला जातो, हा अनुभव. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर सही आणि तारीख घ्या.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी बैठक झाली. साप येतील, आग लागेल, डास होतील, वास येईल, असे चार आक्षेप. सापाचा आक्षेप मला पटला, बाकीचे नाही. कोरड्या पानांत पाणी साचत नाही म्हणजे डास नाहीत, आणि स्वयंपाकघरातलं काही टाकलं नाही तर वासही नाही. विषय पुढच्या बैठकीवर गेला. मध्ये होळी आली. सोसायटीतली पोरं दारात उभी, ‘काकू, तुमच्याकडची पाल्याची पोती द्या की होळीला.’ दोन पोती गेली. देणार नाही म्हणायला तोंड उघडेना. त्यात लोकसभेची आचारसंहिता, सेक्रेटरी शिक्षक असल्याने त्यांना निवडणुकीची ट्रेनिंगं, असं करत परवानगीचं पत्र हातात आलं गुढीपाडव्यानंतर. अटी अशा: भिंतीपासून तीन फूट लांब, चारी बाजूंनी जाळी, वर झाकण, ओला कचरा अजिबात नाही, आणि परवानगी एका वर्षापुरती. अटी वाचून आधी राग आला होता. नंतर त्यातली तीन फुटांची अट उपयोगाची ठरली, ते पुढे येईलच.

पत्राची वाट बघत बसले नाही. पाला थांबत नव्हता. किराणा दुकानातून दहा रुपयाला एक या भावाने रिकामी पोती आणली आणि जिन्याखाली भरून ठेवायला लागले. सासूबाई रोज विचारायच्या, ‘कचरा टाकायचा असतोय का साठवायचा गं?’ रस्ता झाडणाऱ्या मावशींना सांगितलं की कडुनिंबाखालचा ढीग मला द्या. त्या हसल्या. ‘जाळून टाकलं की झालं बगा ताई, एवढं कशाला?’ पण दुसऱ्या दिवसापासून ढीग आमच्या फाटकाला लावून जायला लागल्या. त्यांचाही धुराचा त्रास वाचला.

रस्त्यावरचा पाला आणि आवारातला पाला यांत फार फरक असतो. रस्त्यावरच्या ढिगात गुटख्याच्या पुड्या, बाटल्यांची झाकणं, काचा, लग्नातल्या फटाक्यांचे कागद, कधी सुईसुद्धा. वाळू चाळायची मोठी चाळण शेजारच्या बांधकामावरून मागून आणली, ती तिरकी टेकवायची आणि पाला वरून सोडायचा. माती-वाळू खाली पडते, पुड्या वर दिसतात, त्या हाताने वेचायच्या. जाड हातमोजे घातल्याशिवाय हे करू नका. कडुनिंबाच्या पानांच्या मधल्या काड्या नखात शिरतात आणि दिवसभर ठणकतात. गॅरेजसमोरचा, तेल सांडलेल्या जागेचा पाला मी घेतच नाही. आणि सुबाभळीच्या वाळक्या शेंगा दिसल्या की बाजूला. एकदा बी मातीत गेलं की पावसाळाभर उपटत बसा.

मार्चअखेर ऊन तापलं तेव्हा कुंड्यांतली माती पाल्याने झाकायला सुरुवात केली. इथे कुंडीतल्या काळ्या मातीबद्दल सांगायलाच हवं. ती सुकली की आकसते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. करंगळी जाईल एवढी फट पडते. वरून तांब्याभर पाणी घातलं की ते त्या फटीतून सरळ खाली ताटलीत उतरतं. आपल्याला वाटतं, झाड पाणी प्यायलं. प्रत्यक्षात मुळांभोवतीचा गोळा आत ठणठणीत कोरडा. मोगरा दुपारी माना टाकायचा तो यामुळे. म्हणून आधी फटी बोटाने बुजवल्या, दोन-तीनदा थोडं थोडं पाणी देऊन माती पूर्ण भिजवली, आणि मगच पाला घातला. कोरड्या मातीवर पाला घालून वरून पाणी मारलं तर निम्मं पाणी पानंच पितात.

कुंडीत साधारण दीड इंच, मागच्या वाफ्यात तीन इंच. खोडाभोवती दोन बोटं जागा मोकळी. खोडाला ओला पाला चिकटून राहिला की ते तिथेच सडतं. बदामाची पानं अख्खी घालू नका. ती एकावर एक बसून छप्पर करतात आणि पाणी बाहेर ओघळतं. मी ती पोत्यात भरून वरून पायाने तुडवते, चुरा होतो. तिसऱ्या प्रहरी गच्चीवर जे वारं सुटतं त्यात कडुनिंबाचा पाला पार शेजारच्या वाळवणावर गेला. पापड वाळत होते. त्या वहिनी काही बोलल्या नाहीत, फक्त पानं एका वाटीत घालून परत दिली. मग पाल्यावर वाळक्या काटक्या आडव्या-उभ्या रचल्या, आणि गुलमोहराच्या लांब काळ्या शेंगा वजनाला ठेवल्या. त्या शेंगांचा याहून चांगला उपयोग मला अजून सापडलेला नाही. गच्चीच्या पावसाळी पाइपच्या तोंडाला मात्र जाळी त्याच वेळी बसवून घ्या, पाऊस यायची वाट बघू नका.

फरक कळायला एक कुंडी मुद्दाम उघडी ठेवली होती, मिरचीचीच, त्याच आकाराची. एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या पुढे. उघड्या कुंडीत दुसऱ्या दिवशी दुपारी बोट घातलं तर पेरभर खालीही धूळ. पाल्याखालच्या कुंडीत दुसऱ्या दिवशी संध्याकाळीसुद्धा बोटाला माती चिकटत होती. पाणी सुटायच्या आदल्या दिवशी पिंपाचा तळ दिसायचा तेव्हा हा फरक फार मोठा असतो. पुढे ती उघडी कुंडीही मी झाकून टाकली, बघवेना.

नैसर्गिक शेतीवाले सुभाष पाळेकर आच्छादन आणि वाफसा (मातीच्या कणांमध्ये ओल आणि हवा दोन्ही असणं) यांवर एवढा भर का देतात, हे मला त्या उन्हाळ्यात हाताने कळलं. पाल्याचं खत होईल ते होईल. आपल्याकडे पाल्याचं पहिलं काम सावलीचं आहे.

एप्रिलमध्ये पंपाच्या खोलीमागे जाळी उभी केली. कोंबड्यांसाठी वापरतात ती जाळी, तीन फूट उंच आणि बारा फूट लांब, गोल केली की जवळपास चार फुटांचा पिंजरा होतो. तार धरून साडेचारशे रुपये. वर हिरव्या शेडनेटचा तुकडा, शंभराच्या आत. सगळी उरलेली पोती त्यात रिकामी केली. भाज्या, तांदूळ धुतलेलं पाणी रोज त्यावर ओतत होते. आरओच्या फिल्टरमधून बाहेर पडणारं पाणी किंवा कूलरच्या तळाचं पाणी घालायचा मोह होतो, पण आपलं पाणी आधीच जड, त्यात ते अजून खारट. कुंड्यांना तर ते नकोच. मेच्या सुरुवातीला ढीग उचकून बघितला. वरची वीतभर पानं जशीच्या तशी, आतही नुसता भुरका रंग. त्या दिवशी वाईट वाटलं. मग विचार केला, जे पाणी झाडाला पुरत नाही ते ढिगाला घालण्यात काय हशील? ढीग म्हणजे आच्छादनाचं कोठार समजायचं, कुंडीवरचा थर विरळ झाला की यातून न्यायचा, कुजवायचं काम पावसावर सोडायचं. घाई सोडल्यावर बरंच हलकं वाटलं.

मेमध्येच वाफ्याच्या कडेला लावलेल्या ओंडक्याखाली वाळवी दिसली. छाटलेल्या सुबाभळीचे ते तुकडे मी माती वाहू नये म्हणून बांधासारखे लावले होते. उचलले तर खाली ओल्या मातीच्या बारीक नळ्या आणि पांढरी वळवळ. घरात सागाची दारं, त्यामुळे सगळ्यांच्याच पोटात गोळा. वाळवीला मेलेलं लाकूड आणि सावलीतली ओल हवी असते, जिवंत वांग्याला तिने हात लावला नव्हता. ओंडके सगळे काढून कुंपणाकडे नेले, भिंतीलगतची दोन फूट पट्टी पूर्ण उघडी ठेवली, मातीत निंबोळी पेंड मिसळली, पन्नास रुपये किलोने दोन किलो. कमिटीची तीन फुटांची अट किती शहाणपणाची होती ते तेव्हा कळलं. वाळवीच्या गावात जाड लाकूड घराच्या पायाजवळ नको. बोटाएवढ्या काटक्या चालतात.

मग वळीव आला. एका संध्याकाळी वादळात गुलमोहराच्या फांद्या रस्त्यावर आडव्या. त्याच सुमारास वायरमन तारांना लागणाऱ्या फांद्या पावसाळ्याआधी छाटून गेले आणि हिरवा पाला तिथेच पडला. एक लक्षात ठेवा: जिवंत झाडाला हात लावायचा असेल तर वृक्ष अधिकाऱ्यांकडे अर्ज करावा लागतो, १९७५ च्या राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे. मी फक्त पडलेलं उचलते, आणि छाटलेलं उचलायच्या आधी त्या माणसांना विचारते. ते खूशच असतात. हा हिरवा पाला म्हणजे ढिगाला हवं असलेलं नत्र. नुसत्या वाळल्या पानांत कर्ब फार, नत्र कमी. म्हणून ढीग गार पडून राहतो. मृग लागल्यावर वाळल्या पाल्याचा एक थर, हिरव्याचा अर्धा, मध्ये शेण कालवलेलं पाणी, असा ढीग पुन्हा रचला. शेण विजापूर रोडच्या एका गोठ्यातून, वीस रुपयाला घमेलं. तीन फूट रुंद, तीन फूट उंच याहून लहान ढीग असेल तर आत ऊब धरत नाही. आठवड्याभरात आत हात घातला तर चटका बसला. मी आनंदाने घरात ओरडले, कोणी बाहेर आलं नाही. आत पांढऱ्या बुरशीचे धागे पसरलेले दिसले. ते बघून घाबरू नका, काम करणारी तीच. मूठभर पाला दाबला तर हात ओला व्हावा पण पाणी टपकू नये, एवढीच ओल ठेवायची.

पावसाळ्यात कामं उलटी होतात. सलग पाऊस लागला की तुळस, अडेनियम, कोरफड यांच्या कुंड्यांवरचा पाला काढून ठेवावा, नाहीतर मुळं कुजतात. गोगलगायी आल्या. रात्री टॉर्च घेऊन वेचल्या, मीठ टाकू नका, ते मातीत राहतं. वाणी किडे दिसले तर राहू द्या, ते कुजकाच खातात. कडुनिंबाखालच्या पाल्यातून निंबोळ्या येतात आणि जुलैत प्रत्येक कुंडीत कडुनिंबाची रोपं. दोन पानांवर असताना चिमटीने निघतात, उशीर केला की कुंडीच उपटून येते. जोराचा पाऊस आपल्याकडे सप्टेंबरात, आणि ढीग खऱ्या अर्थाने बसला तोही त्याच महिन्यात. कमरेएवढा होता तो गुडघ्याखाली आला.

त्याच काळात काही नव्या कुंड्या भरल्या. तळाशी खडे-विटांचे तुकडे घालायची पद्धत मी सोडली आहे. खड्यांच्या थरामुळे निचरा वाढत नाही, उलट माती जिथे संपते तिथे पाणी अडून राहतं. भोकावर फुटक्या कुंडीची एक खापरी पुरे. त्यावर एक तृतीयांश उंचीपर्यंत काटक्या, नारळाच्या शेंड्या, चुरलेला पाला दाबून भरला, वर माती. कुंडी हलकी होते, गच्चीवर चढवताना कंबर दुआ देते. पण हा थर कुजत जातो आणि माती खाली बसते, सहा महिन्यांत चांगली चार बोटं. म्हणून मिरची, पालक, मेथी अशा एका हंगामाच्या पिकांनाच हे बरं. जास्वंद-मोगऱ्यासारखं कायमचं झाड यात लावलं तर तेही मातीसोबत खाली जातं आणि खोड पुरलं जातं. आणि वाळला पाला वरच्या मातीत कधीच कालवू नका. तो कुजताना मातीतलं नत्र ओढतो आणि रोप पिवळं पडतं. वर पसरलेला पाला तसं करत नाही.

दिवाळीच्या साफसफाईत ढीग चाळला. खालच्या भागातून काळं, भुसभुशीत, पावसाळ्यातल्या रानासारख्या वासाचं खत निघालं, तीन पोती. बदामाच्या आणि आंब्याच्या पानांचे तुकडे तसेच होते, ते पुन्हा ढिगात. आता कुंडीला एक भाग काळी माती, एक भाग हे पालाखत, एक भाग शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड असं वापरते. काळी माती आता कडेपासून सुटत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा.

खर्च विचाराल तर जाळी, शेडनेट, पोती, पेंड, शेण धरून हजाराच्या आत. तेवढ्यात नर्सरीतून तयार मातीच्या पिशव्या आणता आल्या असत्या, हे खरं आहे. पैसे वाचवायला हे करू नका. मी पाण्यासाठी केलं, आणि त्या उन्हाळ्यात गच्चीवरची दोनच झाडं गेली, दोन्ही टोमॅटो.

परवानगी वर्षाची असल्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा अर्ज. या वेळी बैठकीत आक्षेप एकच आला, ढिगाजवळ कुत्री झोपतात म्हणून. खालून जाळी जमिनीत वीतभर पुरायची असं ठरलं. अर्जावर आणखी तीन घरांच्या सह्या आहेत, त्यामुळे पिंजरे आता दोन लागणार, आणि पाला कुठल्या घराने कुठल्या दिवशी आणून टाकायचा यावर कमिटीत अजून वाद चालू आहे.